गव्हाणच्या जपानी ताई

मी त्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले त्या पहिल्याच दिवशी साहेबांनी आतून हाक मारली. मी खुर्चीतून उठले, तोच कोपऱ्यातल्या टेबलाकडून आवाज आला, "वैनी, बसा."

मी बसले.

"आता परत उठा. सावकाश."

मला वाटलं, साडीला मागे काही लागलंय आणि या बाई चारचौघांत न बोलता सुचवतायत. मी उठले. चाळिशीकडे झुकलेल्या एक बारीक अंगाच्या बाई हातातलं शाईचं पेन हवेत धरून माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"उजव्या गुडघ्यावर हात ठेवून उठता तुमी. दुखतो काय?"

दुखत होता. मुलगी झाली त्या बाळंतपणापासून दुखत होता आणि हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी ट्रेसिंग पेपरच्या एका चिटोऱ्यावर चार-पाच रेघा ओढल्या आणि पुन्हा कामात मान घातली. साहेबांनी दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मी भानावर आले.

पनवेलला टपाल नाक्याजवळ एका आर्किटेक्टचं ऑफिस होतं. नव्वद सालानंतरची ती तीन-चार वर्षं. नवीन पनवेलच्या सेक्टरांमध्ये इमारती उठत होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच आमच्या ऑफिसातून कागदावर उतरायच्या. साहेब पेन्सिलीनं नकाशा काढत आणि त्या बाई तो ट्रेसिंग पेपरवर शाईनं गिरवत. त्यांचं पद ट्रेसर. गव्हाणहून रोज एसटीनं येत. शेतकऱ्याघरची मुलगी, लग्न केलेलं नाही, आयटीआयचा ट्रेसरचा कोर्स केलेला. ऑफिसात सगळे त्यांना ताई म्हणत, आणि त्या नसताना जपानी ताई.

ते नाव का पडलं, ते सांगते. रविवारी सकाळी टीव्हीवर एक जपानी कार्टून लागायचं. आज माझी मुलगी त्याला ॲनिमे म्हणते. तेव्हा हा शब्द आमच्याकडे आला नव्हता. पोरंबाळं बघायची, आम्ही स्वयंपाक करता करता एक डोळा टाकायचो. ताई मात्र वही-पेन्सिल घेऊन बसत. सोमवारी डबा खाताना सांगत, "त्या पोरीचे केस वाऱ्यानं उडले ना, ती चित्रं तीनच हायत. तीच तीच फिरवलीत. पन कळत नाय." एकदा मी विचारलं, "ताई, एवढं कशाला बघता?" त्या म्हणाल्या, "मला हेच काम करायचंय." आपण भाजी आणायला चाललोय, हे जितक्या सहज सांगतात तितक्या सहज.

मला हसू आलं होतं. आता सांगायला हरकत नाही.

डब्याच्या पिशवीत त्या एक हातआरसा ठेवत. नट्टापट्टा त्यांना माहीतच नव्हता. आरशात बघून "पाणी", "मासा", "आई" असे शब्द पुन्हा पुन्हा बोलत आणि ओठ कसे मिटतात ते कागदावर उतरवत. दुपारच्या सुट्टीत ऑफिसातलं काचेचं टेबल त्यांच्या ताब्यात असे. खाली ट्यूबलाइट, वर काच, काचेवर एकावर एक कागद. एका कागदावरची माणसाची आकृती खालच्या उजेडात दिसे, तिच्यावर दुसरा कागद ठेवून त्या केसभर पुढे सरकलेली आकृती काढत. असे वीस-पंचवीस कागद झाले की चिमटा लावून अंगठ्याखाली फरफरवत, आणि कागदावर टपाल नाक्यावरचा पानवाला पान दुमडून लवंग टोचायचा, एका सेकंदात.

याच नादापायी एकदा त्यांची नोकरी जायची वेळ आली होती.

एका चार मजली सोसायटीचे नकाशे तयार झाले, प्रिंटा निघाल्या आणि सोसायटीचे चेअरमन बघायला आले. निवृत्त हेडमास्तर, चष्मा कपाळावर चढवून बारकाईनं बघणारे. त्यांनी जिन्याच्या नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा गृहस्थ कोण?"

जिन्याच्या पायऱ्या-पायऱ्यांवर तांदळाच्या दाण्याएवढा एक माणूस होता. पहिल्या पायरीवर, दुसऱ्या पायरीवर, तिसऱ्या, असा वरपर्यंत चढत गेलेला. एका ठिकाणी तो डोकं धरून खाली बसला होता.

साहेब लाल झाले. चेअरमनांसमोरच ओरडले, "ताई! हा काय पोरखेळ आहे?"

ताई उठून आल्या. त्यांनी नकाशा आपल्याकडे फिरवला. "सायेब, मी जिना चढून बगितला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर डोकं आपटतं. तुळई खाली आलीय."

साहेबांनी पट्टी काढली, मोजलं, पुन्हा मोजलं. तुळई खरंच खाली आली होती. चेअरमन हेडमास्तर उंचीनं सहा फूट होते. ते काही वेळ त्या डोकं धरून बसलेल्या माणसाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हा मीच की." त्या दिवसापासून कुठलाही जिना ताईंनी चढून बघितल्याशिवाय ऑफिसाबाहेर गेला नाही. माणूस मात्र नंतर ब्लेडनं खरवडून काढायचा, असं ठरलं.

आता रद्दीची गोष्ट. पळस्प्याच्या फाट्यावर हायवेला लागून एका चाचांचं रद्दीचं गोदाम होतं. घाटाखालच्या कागद कारखान्यांना परदेशी रद्दीचे गठ्ठे जात, त्यातले काही फुटलेले गठ्ठे चाचांकडे उतरत. त्यात कधीमधी जपानी चित्रकथांची जाडजूड पुस्तकं निघायची, कव्हरं फाटलेली, पानं पिवळी-गुलाबी. ताईंना हे कुठून कळलं देव जाणे. महिन्यातून एकदा त्या पळस्प्याला जात. एकदा मी सोबत गेले. चाचांनी दुरूनच हात केला, "आपा, तुमचा जपान आलाय! तशरीफ ठेवा, चहा सांगतो." पोत्यावर बसून ताईंनी दोन तास पुस्तकं चाळली. निघताना चाचा मला हळूच म्हणाले, "मी याच्यात सिर्फ कागद बघतो. आपा काय बघतात, खुदा जाने."

त्यातलं एक पुस्तक त्यांचं लाडकं होतं. अक्षर एक वाचता येत नव्हतं, पण चित्रांवरून गोष्ट त्यांना पाठ होती, आणि ती त्यांनी मला कितीदा तरी सांगितली होती. डोंगरातलं एक रिकामं घर. आधी तिथे एक कुत्रं येतं. मग एक म्हातारी येते. मग मुलगा, सून, मग पोरं. शेवटी सगळं घर माणसांनी भरून जातं, अंगणात सण चाललेला असतो. "काय छान गोष्ट हाय," त्या म्हणत, "कुनी मरत नाय, कुनी भांडत नाय. नुसते येतात."

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्या पुस्तक उघडून बसल्या होत्या आणि डबा तसाच बंद होता. मी विचारलं तर त्यांनी दोन चित्रं दाखवली. एकात म्हातारी ताठ उभी होती. शेजारच्या चित्रात जमिनीला हात टेकून वाकलेली.

"उबं राहून झाल्यावर असं कोन वाकतं, वैनी? असं मानूस उठायच्या आदी वाकतं."

"मग?"

"मग हे चित्र आदीचं. ते नंतरचं." त्यांनी पुस्तक मिटलं आणि मागच्या बाजूनं उघडलं. "हे लोक उलट्या बाजूनं वाचतात. उजवीकडून. मी वर्षभर शेवटाकडून वाचत व्हते."

मला उलगडायला क्षणभर लागला. उजवीकडून वाचलं तर सण आधी होता. मग पोरं जात होती, सून-मुलगा जात होते, म्हातारी उठून कायमची जात होती आणि शेवटी कुत्रंही. उरत होतं रिकामं घर.

"म्हंजे सगळी गेली," ताई म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या माझ्या टेबलापाशी थांबल्या. "रात्री विचार केला. मी वाचली तशी पन बरीच हाय गोष्ट."

एका बुधवारी त्या वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आल्या. अंधेरीत एका कार्टून कंपनीला चित्रकार हवे होते. परदेशी मालिकांचं काम, त्यात जपानचंही. मुख्य चित्रं तिकडून यायची. दोन चित्रांच्या मधली, हालचाल पुरी करणारी चित्रं इथे काढायची. शनिवारी परीक्षा. अर्ज मी इंग्रजीत टाइप केला. वयाच्या रकान्याशी मी थांबले, तर म्हणाल्या, "खरं ते घाला. जपानी मानसाला चित्रातून वय कळत नाय."

शनिवारी मी सोबत गेले. एका औद्योगिक गाळ्यात वरच्या मजल्यावर ऑफिस होतं. विशी-बाविशीची पंचवीसेक मुलं-मुली मोठमोठ्या फायली घेऊन बसली होती. दारावरच्या मुलीनं आम्हाला बघितलं आणि म्हणाली, "पालकांनी बाहेर थांबा हं."

"परीक्षा माजीच हाय," ताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी काचेच्या पार्टिशनबाहेर बसले. प्रत्येकाला दोन चित्रं दिली होती. एका चित्रात मुलगी दारात उभी, दुसऱ्यात धावत सुटलेली. मधली पाच चित्रं काढायची. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. ताईंनी दोन्ही चित्रं काचेवर एकावर एक ठेवून बराच वेळ बघितलं आणि काही न काढता उठून सुपरवायझरकडे गेल्या. तिशीतला, केसांची शेपटी बांधलेला माणूस होता. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"सायेब, हे चित्र चुकलंय."

"कुठलं?"

"हे पहिलं. हिच्या अंगाचा भार डाव्या पायावर हाय. मग धावताना ती पहिला डावाच पाय कसा उचलंल?"

सुपरवायझर हसला. "बाई, हे चित्र जपानहून आलंय."

"मग जपानला कळवा."

पंचवीस मुलांनी माना वर केल्या. सुपरवायझरनं चित्र हातात घेतलं, खुर्चीतून उठला, सगळा भार डाव्या पायावर देऊन उभा राहिला आणि डावा पाय उचलायला गेला. तो झोकांडला आणि टेबल धरून सावरला. मुलं हसली, तोही हसला. मग चित्र घेऊन आतल्या खोलीत गेला. ताई जागेवर येऊन बसल्या. त्यांनी पाचाऐवजी सहा चित्रं काढली, पहिल्यात भार एका पायावरून दुसऱ्या पायावर नेला. सगळ्यांच्या आधी उठल्या.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. एक तारखेपासून रुजू व्हा.

इथपासून मात्र गोष्ट सोपी राहिली नाही. गव्हाणहून अंधेरीला रोज जाणं-येणं शक्यच नव्हतं. म्हणजे मुंबईत राहायचं, एकटीनं. ताईंचे थोरले भाऊ एके सकाळी मोटारसायकलवरून थेट ऑफिसात आले. उंच, रापलेले, पांढरा शर्ट. साहेबांसमोर उभे राहिले.

"सायेब, तुमी तिला सांगा. चाळीस वर्सांची बाई कार्टून काढाला मुंबैला जाते म्हनते. लग्न नको म्हनाली, आमी ऐकलं. नोकरी करते म्हनाली, ऐकलं. आता ह्ये. गावात मी काय सांगू लोकांना?"

साहेबांनाही त्या जायला नकोच होत्या. ते म्हणाले, "ताई, भाऊ म्हणतायत त्यात तथ्य आहे. इथे तुम्हाला काय कमी आहे?"

ताई मान खाली घालून गिरवत होत्या. लांब रेघ होती, इमारतीच्या पायाची. भाऊ ओरडले, "अगं, मी काय बोलतंय?"

"दादा, रेघ अर्धी हाय. संपू दे."

आम्ही सगळे ती रेघ संपायची वाट बघत उभे राहिलो. रेघ संपली. त्यांनी पेन पुसलं, टोपण लावलं. "मी एक तारखेला जानार," म्हणाल्या.

"मंग मला भाऊ म्हनू नको," असं म्हणून ते जिना उतरून गेले.

दुपारी डबा खाताना मी तोंड उघडलं. तेव्हा गप्प बसले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "ताई, परीक्षा दिलीत, पास झालात, हौस फिटली. आता या वयात पक्की नोकरी सोडून कुठे जाता? त्या मुलांमध्ये तुमचा निभाव लागायचा नाही." हे मी त्यांच्या काळजीपोटी बोलले, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे त्या गेल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी कोणाबरोबर बसणार होते?

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "वैनी, तुमी बाहेर बसून सगळं बगितलंत ना त्या दिवशी?"

"हो."

"तरी पन?"

आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटच्या दिवशी राजीनाम्याचा कागद टाइप करायला माझ्यासमोर ठेवला. एकच वाक्य होतं. मी टाइप केलं, त्यांनी सही केली, आणि जाताना माझ्या गुडघ्यावर लावायला घरचं तेल देऊन गेल्या.

अंधेरीत एका नर्सबाईंच्या खोलीत त्या भाड्यानं राहिल्या. पत्र लिहायची सवय नव्हती. महिन्या-दोन महिन्यांनी दुपारच्या सुट्टीत ऑफिसात फोन करत.

"आज काय केलंत, ताई?"

"एका पोरीचा डोळा मिटला."

"दिवसभर?"

"हां. उद्या उगडनार."

त्या तिथे किती वर्षं होत्या ते विचाराल तर, निवृत्त होईपर्यंत. जपानचं काम पुढे दुसऱ्या देशात गेलं, कंपनी जाहिराती करायला लागली, कॉम्प्युटर आले. ताई नव्यानं येणाऱ्या मुलांना माणूस चालतो कसा ते शिकवत राहिल्या. जपानला कधी गेल्या नाहीत. मालिकेच्या शेवटी सरकणाऱ्या नावांच्या यादीत त्यांचं नाव कधी दिसलं नाही. जपानी अक्षरात आलं असलं तर आम्हाला वाचता आलं नाही. आता गव्हाणला असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि चष्मा लावायचा कंटाळा करतात.

पण मला त्यांचा विषय निघाला की एक रविवार आठवतो.

त्या अंधेरीला जाऊन दीड वर्ष झालं असेल. एका शुक्रवारी फोन आला. नेहमीपेक्षा भरभर बोलत होत्या. त्यांच्या कंपनीनं काम केलेली जपानी मालिका आपल्या टीव्हीवर लागायला लागली होती. येत्या रविवारच्या भागात एक म्हातारी होती. तिचं मुख्य चित्र तिकडून आलंच नव्हतं. सुपरवायझर म्हणाला होता, मागून एक म्हातारी जाते, तिला कशीही चालवा. पहिल्यांदाच अख्खी हालचाल त्यांना एकटीला मिळाली होती. चार सेकंदांना अकरा दिवस लागले होते.

"तुमी गव्हाणला जा, वैनी. आईला बसवा टीव्हीसमोर. मी सांगितलं तर दादा लावनार नाय."

दीड वर्षात भाऊ त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी रविवारी सकाळच्या एसटीनं गेले. घर नवीन बांधलेलं होतं, ओटीवर टीव्ही. भाऊंनी मला ओळखलं, बसा म्हणाले आणि स्वतः दारात उभे राहिले. मी काम सांगितलं. टीव्ही त्यांनीच लावला.

आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मिठागरात पाय घसरून कधीकाळी त्यांचं कमरेचं हाड मोडलं होतं आणि तसंच वाकडं जुळलं होतं. उजवा पाय सरळ पुढे पडायचा नाही. तो बाहेरून अर्धा गोल फिरून यायचा, आणि प्रत्येक पावलाला डावा हात पाण्यात वल्हं मारल्यासारखा मागे जायचा. शेजारच्या दोघी-तिघी कोण पाव्हणी आली ते बघायला आल्या आणि त्याही टेकल्या.

मालिका सुरू झाली. समुद्रकाठचं जपानी गाव, लाकडी घरं. एक मुलगी दुकानदाराशी बोलत होती. आणि मागच्या गल्लीतून डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी आली. उजवा पाय बाहेरून अर्धा गोल फिरवत, डावा हात मागे मारत, ती गल्लीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली आणि दिसेनाशी झाली. पुढे ती मुलगी बोलतच होती.

आई टीव्हीकडे पुढे सरकल्या.

"ती मी हाय," आई म्हणाल्या.

भाऊ दारातून म्हणाले, "आई, त्ये जपान हाय."

"आसंल. पन ती मी हाय." मग शेजारणींकडे वळून, "बगितलंत? मेलीनं माजी कंबर पन नाय सोडली. तिकडं जगाला दाखवली." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला, तो बराच वेळ तसाच धरून ठेवला. शेजारीण म्हणाली, "होय गो, तूच ती."

भाऊ दारात नव्हते.

चहा घेऊन मी निघाले तेव्हा ते अंगणात मोटारसायकल पुसत होते. ती पुसलेलीच होती. फडकं टाकून ते माझ्याबरोबर स्टॉपपर्यंत चालत आले. एसटी यायची होती. रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तेवढ्याला किती दिस लागलं असतील?"

"अकरा."

"तेवढ्याला?"

"हो."

ते म्हणाले, "मी नको म्हनालो व्हतो तिला."

"मीही," मी म्हटलं.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. एसटी वळणावर दिसायला लागली तेव्हा घाईनं म्हणाले, "पत्ता हाय काय तिचा?" मी पर्समधल्या कागदावर लिहून दिला. त्यांनी तो ओठ हलवत वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"अंधेरीला सुकी मच्छी मिलते काय?"

"मिळते. पण तुमच्याकडच्यासारखी नाही."

"मंग न्यायलाच लागंल," ते म्हणाले, आणि एसटीला हात केला.